बिनगोष्टीची फुगडी

माझा सगळा जन्म बोलण्यात गेला. गोव्यात पेडण्याच्या एका शाळेत मी मराठी शिकवतो, गावच्या मंडळाच्या कार्यक्रमांचं निवेदन करतो, लग्नात मंगलाष्टकं म्हणतो आणि कोणी गेलं तर शोकसभेत चार शब्दही मलाच बोलावे लागतात. अशा माणसाला मंदाबायसारखी बाई भेटावी हा दैवाचा निव्वळ चावटपणा होता. मंदाबायना बोलण्याचा तिटकारा होता. म्हणजे स्वतः भरपूर बोलायच्या. दुसऱ्यानं बोललेलं त्यांना खपत नसे.

"मास्तरांनू, ओगी रावात," हे त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल याला सुमार नाही. गप्प बसा, एवढाच त्याचा अर्थ. पण तो हात वर करून, डोळे मिटून अशा काही सुरात यायचा की पुढचं वाक्य घशातच राहायचं. शेवटी शेवटी माझी मुलगीही घरात मला तसंच गप्प करायला लागली. आणखी एक. सगळा गाव मला सर म्हणतो, फक्त मंदाबाय मास्तर म्हणायच्या. एकदा मी धीर करून तसं सुचवलं, तर म्हणाल्या, "सर इंग्लीश शाळेंत आसतात. तुमी मराठी शिकयतात न्हय? मगे तुमी मास्तर."

बाई ठेंगणी, सत्तरी ओलांडलेली, पावलं रुंद. चष्म्याला जाड दोरा. साडीचा काठ जमिनीपासून चांगला वीतभर वर, कारण पाय झाकले की ऐकू येत नाही असं त्यांचं म्हणणं. पायानं ऐकायचं, हे त्या अगदी सहज सांगायच्या, जसं आपण डोळ्यांनी बघायचं म्हणतो. रस्त्यानं चालताना समोरच्याच्या चपलांचा आवाज ऐकत मागून यायच्या आणि भर बाजारात निकाल द्यायच्या. औषधाच्या दुकानात काम करणारी सुजाता, आमच्या फुगडीच्या चमूतली, एकदा मासळी घेऊन चालली होती. मागून आवाज आला, "सुजाता, तुजो डावो पाय उशिरान पडटा गो. कोणावांगडा झगडलें?" सुजाता खरंच नवऱ्याशी भांडून आली होती. पण ते सगळ्या मासळी बाजाराला कळायची गरज होती का?

सकाळी सायकलवर पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचं तर त्यांनी जिणं नकोसं केलं होतं. तो भोंगा वाजवत यायचा, पों पों. मंदाबाय फाटकात उभ्या. त्याचे गोल उंडे घ्यायच्या आधी त्याला परत वाजवायला लावायच्या. "दुसरो पों मात्सो लांब कर. आतां कसो मोडून उडयता तूं." बिचारा पाव विकायचा की रियाज करायचा? पुढं पुढं तो त्यांच्या वाड्यावर भोंगा न वाजवताच यायला लागला, तर बाईंनी तक्रार केली की हल्ली पोदेर मुका झालाय, आजारी आहे काय ते बघा. ते बघायलाही मलाच पाठवलं.

गावात त्यांना मागून बॅलेबाय म्हणत. तरुणपणी मुंबईला मावशीकडं राहत असताना त्या एका बॅलेच्या चमूत नाचायच्या. नाचायच्या म्हणजे काय, तर मागं असायच्या. कधी समुद्राची लाट, कधी जंगलातलं झाड, कधी राजाच्या सिंहासनामागची चौथी दासी. पुढं गोष्ट चालायची आणि मागं या डोलायच्या. एक दिवस काय झालं, राजा आणि राणी दोघंही तालमीला आले नाहीत. वाजवणारे मात्र वाजवत बसले होते. नाच बसवणारे गुरुजी कंटाळून म्हणाले, आज गोष्ट राहू दे, वाजतंय ते ऐका आणि ते नेईल तिकडं जा. ती एक दुपार मंदाबाय आयुष्यभर चघळत राहिल्या. मला त्यांनी ती इतक्यांदा सांगितली की त्या दुपारी मीच तिथं हजर होतो असं मला वाटायला लागलं. सांगताना शेवट मात्र दर वेळी तोच, "त्या दिसा हांव लाट न्हय, झाड न्हय, दासी न्हय. हांव नाचतालें."

मग लग्न झालं, त्या पेडण्याला आल्या आणि नाच संपला. बालवाडीत शिकवून निवृत्त झाल्या. नवरा गेल्यावर वाड्यावरच्या बायकांना गोळा करून त्यांनी फुगडीचा चमू काढला. आमच्याकडं फुगडीला तोटा नाही. चवथीला, म्हणजे गणपतीत, घराघरांत बायका फुगड्या घालतात, गाणी म्हणतात, स्पर्धाही भरतात. पण मंदाबायना गाणीच नको होती. गाण्यात शब्द आले, शब्दात गोष्ट आली, की बायका परत लाटा आणि झाडं होणार. त्यांना एकच हवं होतं: ज्यात गोष्ट नाही असा नाच, स्टेजवर, एकदा तरी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. नुसत्या घुमटाच्या सुंवारीवर.

सुंवारी म्हणजे आमच्याकडचं शब्दांवाचूनचं वाजवणं. घुमट, काठ्यांनी वाजवायचा छोटा ढोल म्हणजे शामेळ, आणि झांजा, बस्स. घुमट हे मातीचं मडकंच म्हणा, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, ते उजव्या हातानं वाजवायचं, आणि मागचं लहान तोंड डाव्या तळव्यानं झाकत उघडत आवाज घुमवायचा. चवथीच्या आरत्या त्यावाचून होत नाहीत. पण त्यावर नाच करायचा, तोही अर्थ नसलेला, हे मंडळाच्या अध्यक्षांच्या पचनी पडणं शक्य नव्हतं. आमचे अध्यक्ष सज्जन माणूस. त्यांचं म्हणणं साधं होतं, स्पर्धेत विषय लागतो. पाणी वाचवा, झाडं लावा, मुलगी शिकवा, काहीही; पण लागतो. विषय आला की निवेदन आलं, आणि निवेदन आलं की मी आलो.

पहिल्या वर्षी विषय ठरला पाणी. मी रात्रंदिवस खपून निवेदन लिहिलं. धरणी तहानली आहे, विहिरी आटल्या आहेत, वगैरे. स्पर्धेच्या दिवशी मी माइकवर गदगदून म्हणतोय, "आणि कोरड्या विहिरीच्या काठी माउली रडते आहे," आणि इकडं स्टेजवर बारा बायका दात काढून हसत गरागरा फिरतायत. लोक हसले. मी घामानं भिजलो. खाली आल्यावर मी बाईंना जाब विचारला, तर त्याच माझ्यावर उखडल्या. "थंय घुमट हांसता मास्तरांनू. तुमकां आयकूंक येना? घुमट हांसता आनी बायलो रडटल्यो कशो?"

"पण निवेदनात रडते असं लिहिलंय!"

"मगे तुमचें निवेदन चुकलां."

पुढच्या वर्षी झाडं. त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी शिकवा. दर वेळी तेच. मी काहीही लिहावं आणि बाईंच्या बायकांनी घुमट सांगेल ते करावं. मी हातापाया पडलो, अध्यक्ष रुसले, बाई ढिम्म. दर वेळी नाच अर्ध्यावर आल्यावर अध्यक्षांना राहवत नसे आणि ते विंगेतून मला खुणा करत, 'बोला, बोला!' मी बोलायचो, आणि बाईंचा नाच तिथं संपायचा. पुढं नुसत्या उड्या. त्या मला काही म्हणत नसत. घरी जाताना फक्त माझ्या पुढून चालत, आणि त्यांची रुंद पावलं त्या दिवशी जड पडत एवढं मलाही ऐकू यायचं.

नाच बसवण्याची त्यांची पद्धत बघून तर मी हात टेकले. बाकीचे चमू एक-दोन-तीन-चार म्हणत पावलं शिकतात. इथं मोजायला बंदी. कोणी तोंडातल्या तोंडात मोजताना दिसली की बाईंचा हात वर, "मोजू नाका गो, आयक." देवळाच्या मंडपात बायका भिंतीला पाठ टेकून बसायच्या, डोळे मिटून, आणि घुमट वाजायचं. दिवसच्या दिवस नुसतं ऐकणं. घरचे विचारायचे की जाता कुठं आणि करता काय, तर बायका म्हणायच्या, बसतो. मग एक दिवस बाई प्रत्येकीला विचारायच्या, कुठं लागलं? पोटात, एक म्हणाली. पाठीच्या कण्यात, दुसरी. सुजाता म्हणाली, "माज्या दुडग्यांत. पूण तो पयलींच दुखता." मंडप हसला. बाई हसल्या नाहीत. "बरें," म्हणाल्या, "मगे तूं दुडग्यान सुरू कर." आणि खरंच, नाचाची सुरुवात तिथनं झाली. सुजाताचा तो दुखरा गुडघा घुमटाच्या पहिल्या खर्जाबरोबर हळूच वाकायचा, तिच्या शेजारणीची पाठ ते उचलून घ्यायची, मग खांदे, मग हात, आणि गोल आपोआप फिरायला लागायचा. हे बघताना मला दोन गोष्टी वाटायच्या. एक, हे फार सुंदर आहे. दोन, हे मला आधी सांगितलं असतं तर बाईंचा काय तोटा होता?

हे घुमट वाजवायचे पुंडलीकबाब. मंदाबायचे धाकटे दीर. सुंवारी वाजवणारा तसा हात आमच्या पंचक्रोशीत दुसरा नाही. आणि माझ्या डोक्याला खरा ताप होता तो हा, की दिरभावजय एकमेकांशी बोलत नसत. थोरल्या भावाच्या, म्हणजे मंदाबायच्या नवऱ्याच्या, बाराव्याला कशावरून तरी शब्द वाढला आणि पुंडलीकबाब चारचौघांत बोलून गेले की मुंबईत नाचून आलेल्या बायकांना घराचं काय पडलंय. मंदाबायनी उत्तर दिलं नाही. त्यानंतर कधीच दिलं नाही. मला हे सुजाताकडून कळलं. बाईंना मी आडून आडून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तें सोडात. शामेळ उशिरान येता, तेका सांगात."

तेका म्हणजे पुंडलीकबाबना. जे दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. एका वाड्यावर, एका अंगणाला लागून घरं, तालीम एका मंडपात, आणि निरोप्या मी.

"मास्तरांनू, तेका सांगात, ह्या जाग्यार मात्सें सवकास."

"पुंडलीकबाब, इथं जरा सावकाश म्हणतायत."

"तिका सांगात, हांव सवकासच वाजयतां. चेडवां धांवतात."

"मंदाबाय, ते म्हणतायत की पोरीच धाव..."

"आयकलां माका. ओगी रावात."

ऐकू येत होतं तर मला मधे कशाला घातलं? घरी येऊन मी बायकोला सांगितलं की उद्यापासून जाणार नाही. दुसऱ्या दिवशी गेलो. कारण एक गोष्ट मी कधीच नाकारली नाही. पुंडलीकबाब वाजवताना बाई त्यांच्या समोर जमिनीवर बसायच्या, त्यांच्या हाताकडं बघत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते रागाचं नव्हतं. तेही बाईंकडं कधी बघत नसत, पण बाई उठून पाणी प्यायला गेल्या की घुमट आपोआप ढिलं पडायचं. दुसरं घुमट, दुसरा हात, रेकॉर्ड केलेली सीडी, हे सगळं अध्यक्षांनी सुचवून झालं होतं. बाई नको म्हणायच्या, एवढंच.

त्या वर्षी मात्र घाई होती. पुंडलीकबाबची मनगटं दुखायला लागली होती. आरत्यांनाही ते दोन-तीन झाल्या की घुमट पोरांकडं द्यायचे. एका तालमीनंतर मला म्हणाले, "तिका सांगात, औंदा वाजयतां. फुडल्या वर्सा हात खंय आसतले, देव जाणा." मी सांगितलं. बाईंनी चष्म्याचा दोरा ओढून घट्ट केला. मग म्हणाल्या, "मास्तरांनू, औंदा तुमी माइकाकडेन उबे रावात. पूण उलोवंक नाकात. चमूचें नांव, गांवाचें नांव. बस्स." मी इतका थकलो होतो की न बोलायला हो म्हणालो. अध्यक्षांना मी सांगितलं की निवेदन तयार आहे. हे खोटं नव्हतं, गेल्या वर्षीचं तयारच होतं.

तालमी श्रावणात सुरू झाल्या. आमच्याकडचा तो महिना म्हणजे भिंतीला हात लावला तरी ओल. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, आता बंदी, म्हणून बकरीचं. आणि ते ओल धरतं. थोडा वेळ वाजवलं की आवाज बसायचा. ढब, ढब. मग पुंडलीकबाब वाजवणं थांबवून घुमट शेजारच्या शेगडीवर धरायचे, निखाऱ्यांपासून हातभर वर, फिरवत, आणि मधे मधे एका बोटानं टिचकी मारून बघायचे, तापलं का. टप. नाही. टप. अजून नाही. टण. तापलं. की परत सुरू.

बायका एवढा वेळ काय करणार? जिथं असतील तिथं थांबायच्या. गोल फिरता फिरता आवाज बसला, की थांबल्या. पहिल्यांदा कोणी कपाळ पुसायची, कोणी फोन बघायची. बाई ओरडल्या, "थांबतात तशोच रावात." मग त्या उभ्या राहायला लागल्या, एक टाच उचललेली, हात अर्ध्यावर. बोटाची टिचकी पडली की एकेकीची टाच खाली यायची. पहिल्या टिचकीला एक, दुसरीला दोघी, आणि शेवटच्या टणला सगळ्या, आणि मग नाचाचा दुसरा भाग उसळायचा. देवाशप्पथ सांगतो, त्या नाचात याहून देखणं काही नव्हतं. एका ढिल्या कातड्यामुळं झालेला खोळंबा, आणि बाईंनी तो नाचाच्या काळजाच्या जागी ठेवला.

स्पर्धा दिवाळीनंतर डिचोलीला होती. नव्या सभागृहात. पुंडलीकबाब वाटेत एकच काळजी करत होते, स्टेजवर विस्तव चालणार नाही असं आयोजकांनी कळवलं होतं. शेगडी नाही, मग आवाज बसला तर काय? मिनीबसमधे सगळ्यांनी तीच चर्चा केली. कोणी म्हणालं विंगेत बल्बखाली धरू. कोणी म्हणालं केस वाळवायचं यंत्र आणू. मी निरोप पोचवून पोचवून बेजार झालो. आवाज बसलाच नाही तर काय, हे त्या सबंध बसमधे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

सभागृह वातानुकूलित. हवा इतकी कोरडी की ओठ फुटले.

मी माइकवर चमूचं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं आणि गप्प बसलो. समोरच्या रांगेतल्या परीक्षकांनी पेन हातात धरून वाट पाहिली. घुमट सुरू झालं. सुजाताचा गुडघा वाकला. आणि मग सगळं तसंच झालं जसं मंडपात व्हायचं, फक्त जास्त सुंदर, कारण पुंडलीकबाबचं घुमट असं कडक कधी वाजलंच नव्हतं. त्या कोरड्या हवेत कातडं खणखणीत ताणलेलं. म्हातारा खुशीत आला होता. डोळे मिटून वाजवत होता, मनगटं विसरून.

बायका फिरत होत्या. फिरत होत्या. आवाज बसायची वाट बघत होत्या.

आवाज बसेना. त्यांना मोजायला कोणी शिकवलंच नव्हतं, शिकवलं होतं ऐकायला. आणि ऐकू तर येत होतं की अजून थांबायचं नाही. फिरा. थांबल्याशिवाय दुसरा भाग नाही. पुंडलीकबाबला थांबायचं कारण नाही. सुजाता लंगडायला लागली. कोपऱ्यातली एक भेलकांडली, शेजारणीनं तिला ओढून धरलं. प्रेक्षकांत कुजबूज झाली. अध्यक्ष पलीकडच्या विंगेतून माझ्याकडं बघून दोन्ही हातांनी खुणा करत होते, 'बोला, बोला!' माझ्या हातात माइक होता. गेल्या वर्षीचं निवेदन मला तोंडपाठ होतं. मंदाबाय माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी माइक तोंडाजवळ नेला. बाईंनी बोट ओठांवर ठेवलं.

आणि त्या स्टेजवर गेल्या. अनवाणी, साडी वीतभर वर, फिरणाऱ्या बायकांच्या मधून, कोणाला धक्का न लागू देता. पुंडलीकबाबच्या समोर तालमीत बसायच्या तशा जमिनीवर बसल्या आणि दोन्ही तळवे उघडून पुढं धरले. शेगडीवर आपण हात शेकतो तसे, फक्त उलटे.

पुंडलीकबाबनी डोळे उघडले. किती वर्षांनी त्यांनी वहिनीकडं सरळ बघितलं असेल. त्यांना काय कळलं, केव्हा कळलं, मला माहीत नाही. त्यांचा हात थांबला. त्यांनी ते खणखणीत तापलेलं घुमट उचललं आणि बाईंच्या तळव्यांवर धरलं, हातभर वर. फिरवलं.

स्टेजवर बारा टाचा वर होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी माइक बंद आहे ना हे तपासत होतो.

टप. घुमट टणच वाजलं असतं, पण पुंडलीकबाबनी बोट अगदी काठावर, हलकं मारलं. एक टाच खाली आली. टप. दोन. बाई मान हलवत होत्या, अजून नाही. टण. आणि दुसरा भाग उसळला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही शब्द न येता.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी सांगितलं की सादरीकरण वेगळं होतं, पण विषय स्पष्ट झाला नाही. अध्यक्ष माझ्याशी बोलेनासे झाले, ते पुढं शिमग्यापर्यंत. मंदाबायनी परीक्षकांचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "चाय खंय मेळटली?"

परतताना संध्याकाळ झाली होती. मिनीबस खाणीच्या ट्रकांमागं अडकलेली, उघड्या खिडक्यांतून तांबडी धूळ येत होती. दिरभावजय एकाच बाकावर, मधे एक पिशवी. मी मागच्या बाकावर.

"मास्तरांनू," बाई म्हणाल्या, "तेका सांगात..."

त्या क्षणी माझं डोकं फिरलं. खरंच फिरलं. दिवसभराचं सगळं वर आलं. मी म्हणालो, "नाही सांगणार. तुमच्या मधे एक पिशवी आहे मंदाबाय, अरबी समुद्र नाही. मी मराठीचा मास्तर आहे, टपाल खातं नाही. तुम्हीच सांगा. नाहीतर ओगी रावात."

सुजातानं तोंडात पदर कोंबला. बाईंनी मागं वळून माझ्याकडं असं बघितलं, की शाळेतला एखादा पोर असतो तर खाली बसलो असतो. मग त्या पुढं वळल्या.

"पुंडलीक," त्या म्हणाल्या, "जनेल धांप. धुल्ल येता."

पुंडलीकबाबनी खिडकीची काच ओढली. ती अडकत होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली. "धांपतां वयनी," ते म्हणाले.

एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मात्र अंगण भांडणांनी दणाणायला लागलं. फणसाचं झाड कोणाचं, घंगाळ कोणी नेलं, शामेळ का उशिरा येतं. थेट, तोंडातोंडी. मी सवयीनं त्यांच्या फाटकापाशी स्कूटर हळू करायचो. मला कोणी हाक मारत नसे. वाईट वाटायचं म्हटलं तर हसाल.

पुढच्या पावसाळ्यात बाई आजारी पडल्या, आणि दसऱ्यानंतर गेल्या. शोकसभा झाली. अध्यक्षांनी नाव पुकारल्यावर मी उठलो, बाईंच्या फोटोकडं पाहिलं आणि खाली बसलो. लोकांना वाटलं मला भरून आलंय. ते तर आलंच होतं. पण मला तो वर केलेला हात दिसला होता.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते त्याच्या आधी, चवथीला, पुंडलीकबाबच्या घरी. खोली माणसांनी भरलेली, बाहेर धो धो पाऊस. बाईंना खुर्चीवर बसवलं होतं, अंगावर शाल, पाय उघडे. आरती चालू होती, झांजा माझ्या हातात. मधेच घुमटाचा आवाज बसला. ढब, ढब. शेगडी बाहेर सोप्यावर, आणि दारात ही गर्दी. पुंडलीकबाबनी इकडं तिकडं पाहिलं, मग गणपतीकडं पाठ न करता तसेच बाजूला सरकले आणि घुमट खुर्चीपुढं धरलं. बाईंनी शालीतून दोन्ही हात बाहेर काढले. तळवे उघडले.

आम्ही सगळे थांबलो. पुंडलीकबाबनी टिचकी मारली. टप. तापणार कुठून?

"अजून ना," बाई म्हणाल्या.

पुंडलीकबाबनी घुमट तिथंच धरून ठेवलं. बायकांच्या घोळक्यात बघितलं तर सुजाताची टाच उचललेली होती. देवापुढं आरती अर्ध्यावर थांबली होती, निरांजन हातात तसंच जळत होतं, आणि काय झालं म्हणून कोणीच विचारलं नाही.